ट्रॉलीवरील संगणक आणि मध्य मुंबईतील ग्राहक

सुपरमार्केटातील ट्रॉलीला संगणक जोडण्याची कल्पना वरवर पाहता निव्वळ सोयीची वाटते. ग्राहकाने वस्तू उचलावी, तिची नोंद ट्रॉलीवरील यंत्राने करावी आणि गल्ल्यापुढील रांग टळावी, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे प्रतिपादन आहे. परंतु साधनाची व्यवहार्यता ते चालते की नाही एवढ्यावरच ठरत नाही; ते कोणाचे काम करते, हेही पाहणे अगत्याचे असते.

या दृष्टीने ट्रॉलीचा इतिहास उद्बोधक आहे. हातातील टोपली जड झाली की ग्राहकाची खरेदी थांबते, हे ओळखून सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने १९३७ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे टोपलीला चाके दिली. म्हणजे ट्रॉली हे मुळातच विक्री वाढविण्याचे साधन होते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शिकागोतून पुढे आलेल्या ‘व्हिडिओकार्ट’ने ट्रॉलीच्या दांड्यावर पडदा बसविला, ग्राहक ज्या मालाजवळ जाई, त्याची जाहिरात तेथे उमटे. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातच हा उद्योग बंद पडला. ॲमेझॉनने २०२० मध्ये जाहीर केलेल्या ‘डॅश कार्ट’मध्ये कॅमेरे व वजनकाटा आले. पहिले यंत्र विक्रेत्याचे प्रचारक होते, दुसरे त्याचा कारकून आहे. ग्राहकाचा मुनीम मात्र दोहोंपैकी एकही नाही.

दादर, परळ, लालबाग या भागांचा विचार करता काही अडचणी उघड आहेत. गल्ल्यावरील एक यंत्र दिवसभरात असंख्य ग्राहकांच्या उपयोगी पडते. ट्रॉलीवरील यंत्र एका वेळी एकाच ग्राहकाचे असते, आणि प्रत्येकाची बॅटरी, दुरुस्ती व राखण निराळी करावी लागते. शिवाय विक्रीच्या व्यवहारात वापरावयाचा काटा वैधमापन अधिनियम, २००९ अन्वये पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. शंभर ट्रॉल्यांवर काटे बसविणे म्हणजे शंभर काट्यांच्या पडताळणीचे ओझे पत्करणे होय.

याहून मूलगामी अडचण मालाच्या स्वरूपाची आहे. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात गृहिणी मिरचीचा रंग पाहते, धणे हातात घेते, प्रमाण सांगते आणि मसाला तेथेच कांडून घेते. या व्यवहाराचे मोल पाकिटावरील पट्टीसंकेतात बसत नाही. तसेच वाण्याकडे महिन्याची यादी पाठवून माल घरपोच मागविणाऱ्या कुटुंबाची बेरीज दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वीच झालेली असते. यादी हाच त्याचा संगणक होय.

तथापि या कल्पनेतील एक अंश टाकाऊ नाही. ठरलेल्या पगारात महिना काढणाऱ्या कुटुंबाला खरेदी चालू असतानाच बेरीज दिसणे खरोखर उपकारक आहे. गल्ल्यापाशी पोहोचल्यावर चार जणांदेखत वस्तू परत ठेवण्याची नामुष्की त्यामुळे टळते. प्रश्न एवढाच की ही बेरीज कोणाच्या ताब्यात राहावी. ट्रॉलीवरील यंत्र केवळ घेतलेल्या मालाचीच नव्हे, तर उचलून परत ठेवलेल्या वस्तूचीही नोंद करू शकते. एखाद्या घराची ओढाताण यापेक्षा स्पष्टपणे सांगणारा पुरावा दुसरा नाही, आणि तो दुकानाकडे राहतो.

या संदर्भात नायगावचे उदाहरण अर्थपूर्ण आहे. पुढे ‘अपना बाजार’ या नावाने ओळखली गेलेली ग्राहक सहकारी संस्था १९४८ मध्ये तेथील कामगारवस्तीत सुरू झाली आणि १९६८ मध्ये तिने बहुविध वस्तूंचे भांडार उघडले. ग्राहक हाच सभासद व मालक, हे सहकाराचे मूलतत्त्व. या तत्त्वाच्या कसोटीवर ट्रॉलीवरील संगणक उतरत नाही. परंतु त्याचे उपयुक्त कार्य इतर मार्गांनी साधता येते. मांडणीपाशी स्पष्ट भावफलक, प्रत्येक विभागात एक पडताळलेला काटा, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या मोबाईलवर होणारी व त्याच्याच इच्छेने पुसली जाणारी बेरीज, एवढे त्यास पुरेसे आहे.

सारांश, मध्य मुंबईत हे यंत्र अव्यवहार्य ठरते ते येथील ग्राहक मागासलेला आहे म्हणून नव्हे. हिशेब ठेवण्याची कला त्याला पूर्वीपासून अवगत आहे. आपला हिशेब आपल्या हाती असावा, ही त्याची अपेक्षा मात्र ट्रॉलीच्या पुरस्कर्त्यांनी अद्याप विचारात घेतलेली दिसत नाही.