श्रोतृसमूह आणि श्रोतृमंडळ : पॉडकास्टविषयक एका संकल्पनेचे परीक्षण

पॉडकास्टविषयी अलीकडे जी चर्चा चालते तीत ‘कम्युनिटी’ हा शब्द इतक्या सहजतेने योजला जातो, की त्याचा अर्थ तपासून पाहण्याची निकड सहसा कोणास भासत नाही. कार्यक्रम करणाऱ्याने प्रथम आपली ‘कम्युनिटी’ उभारावी आणि मग तिच्या बळावर आपला निर्वाह करावा, असा उपदेश या क्षेत्रातील मार्गदर्शक मंडळी करीत असतात. मराठीत बोलतानाही ते हा इंग्रजी शब्द तसाच ठेवतात. त्यामुळे एक सोय होते ती अशी की, मराठीने ज्या दोन गोष्टींना दोन वेगळी नावे दिली आहेत त्या एकाच नावाखाली झाकल्या जातात. एका वक्त्याचे भाषण ऐकण्यासाठी जमलेले लोक हा ‘समूह’ होय. परस्परांना ओळखणारे आणि कार्यात ज्यांचा शब्द चालतो असे लोक हे ‘मंडळ’ होय. समूहाची मोजदाद करता येते. मंडळाची नुसती मोजदाद करून भागत नाही. त्याची घटना पाहावी लागते. पॉडकास्टभोवती जे जमते ते यांपैकी काय, आणि ते कशावर अवलंबून असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रारंभी या प्रकाराची घडण ध्यानात घेतली पाहिजे. २००० सालच्या अखेरीस डेव्ह वायनर यांनी ‘फीड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूचीत ध्वनिफितीचा पत्ता जोडण्याची सोय केली. २००३ मध्ये ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती या मार्गाने प्रसृत झाल्या. फेब्रुवारी २००४ मध्ये बेन हॅमर्सली यांनी ‘गार्डियन’मधील लेखात ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द इतर पर्यायांच्या बरोबरीने सहज सुचवला, आणि तोच पुढे रूढ झाला. जून २००५ मध्ये ॲपल कंपनीने आपल्या आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सूची समाविष्ट केली, तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच दहा लाखांहून अधिक नोंदण्या झाल्याचे तिने जाहीर केले. परंतु या वाढीतही मूळची घडण पालटली नव्हती, हे महत्त्वाचे. ॲपलकडे होती ती केवळ सूची. ध्वनिफीत कर्त्याने निवडलेल्या जागी राही, आणि श्रोता कोणत्याही साधनाने थेट तेथून ती आणवून घेई. नभोवाणीत एक केंद्र असते, त्याच्याकडे परवाना असतो, आणि काय ऐकवायचे ते केंद्र ठरवते. येथे कर्ता आणि श्रोता यांच्यामधला धागा कोणाच्याच मालकीचा नव्हता. पॉडकास्टचे वाङ्मयप्रकार म्हणून जे वेगळेपण आहे, त्याचे मूळ या धाग्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ऐसपैस लांबी, विषयाची मोकळीक, बोलण्यातील अडखळ आणि पुनरुक्ती जशीच्या तशी राहू देण्याचे धाडस, या गुणांचा उगम वेळापत्रक आणि मध्यस्थ यांच्या अभावातच झाला.

या वेगळेपणातून एक आपलेपणा निर्माण होतो. आवाज कानाशी लागून, बहुधा एकांतात, दीर्घकाळ ऐकला जातो. बोलणारा आपल्याशीच बोलतो आहे असे वाटू लागते. हा अनुभव खरा आहे. परंतु तो परस्परसंबंधाचा पुरावा मात्र नव्हे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या समाजशास्त्रज्ञांनी १९५६ मध्येच, दूरचित्रवाणी आणि नभोवाणी यांच्या संदर्भात, अशा एकतर्फी जिवलगपणाचे विवेचन केले होते. प्रेक्षकाला निवेदक मित्रासारखा वाटतो. निवेदकाला प्रेक्षकाचे नावही ठाऊक नसते. पॉडकास्टने हा आभास अधिक गाढ केला, एवढेच. हजारो श्रोत्यांना एकाच व्यक्तीविषयी जिव्हाळा वाटतो म्हणून ते हजार जण परस्परांचे कोणी होत नाहीत. चाकाचे आरे तुंब्याशी जोडलेले असतात. आऱ्याशी आरा जोडलेला नसतो.

मग मंडळ कशाला म्हणावे? जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्ट यांनी १९३२ मध्ये नभोवाणीविषयी एक आक्षेप घेतला होता. तिचे यंत्र केवळ वितरणाचे आहे. श्रोत्यालाही बोलता येईल असे ते केले पाहिजे, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे. हा निकष आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. दिंडीत विणेकरी मध्ये असतो, दोन्ही बाजूंना टाळकरी असतात. एकाने चरण म्हणावा आणि इतरांनी तो उचलावा, असा क्रम चालतो. ऐकणारा आणि म्हणणारा यांची जागा तेथे सतत बदलत असते. यावरून तीन कसोट्या निघतात. कर्त्याचे बोलणे श्रोत्यापर्यंत पोहोचणे ही पहिली. श्रोत्याचे बोलणे कर्त्यापर्यंत पोहोचून त्याचा कृतीवर परिणाम होणे ही दुसरी. आणि श्रोत्यांचे परस्परांशी नाते जडणे ही तिसरी. पहिली कसोटी कोणताही प्रक्षेपक उतरतो. दुसरी आणि तिसरी उतरल्यावाचून मंडळ झाले असे म्हणता येणार नाही.

या कसोट्यांवर ‘सीरिअल’ या अमेरिकी मालिकेचे उदाहरण तपासण्यासारखे आहे. सेरा कोनिग यांनी ऑक्टोबर २०१४ पासून, बाल्टिमोर परिसरातील १९९९ सालच्या एका खुनाच्या प्रकरणाचा मागोवा भागाभागांनी सादर केला. पीबॉडी पुरस्कार मिळवणारा हा पहिला पॉडकास्ट. पुढचा भाग येईपर्यंतच्या दिवसांत श्रोते रेडिटसारख्या ठिकाणी जमून साक्षी, वेळा आणि अंतरे यांचा खल करू लागले. हे मंडळ कर्तीने उभारले नव्हते. श्रोत्यांनी ते स्वतः उभे केले. तिसरी कसोटी येथे निःसंशय उतरते. परंतु याच उदाहरणावरून दुसरेही एक सत्य कळते. कथेतील खाजगी माणसांची ओळख हुडकून काढण्यापर्यंत काही श्रोत्यांची मजल गेली. कथेतली पात्रे ही जिवंत माणसे आहेत याचा त्यांना विसर पडला. तात्पर्य, मंडळ होणे म्हणजे चांगले होणे नव्हे. मंडळाला स्वतःची मर्यादा स्वतःच घालून घ्यावी लागते. जो कर्ता ‘कम्युनिटी’ हवी म्हणतो, त्याला ही जबाबदारीही हवी आहे काय, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

आता अर्थव्यवहाराकडे वळू. केव्हिन केली यांनी २००८ मध्ये असा विचार मांडला की, एखाद्या कलावंताला लक्षावधी चाहत्यांची गरज नाही. त्याच्यासाठी नित्य खर्च करणारे एक हजार निष्ठावंत पुरेत. २०१३ मध्ये स्थापन झालेल्या पेट्रिऑनने नियमित वर्गणीचा मार्ग खुला करून या विचाराला व्यवहाराचे रूप दिले. यात गैर काही नाही. किंबहुना जाहिरातदाराच्या आश्रयापेक्षा श्रोत्यांचा आश्रय केव्हाही अधिक सन्मानाचा. पण येथेच ‘निष्ठावंत’ आणि ‘मंडळ’ या कल्पनांची सरमिसळ होते. वर्गणी देणारा आश्रयदाता असतो, आणि वर्गणीमुळे त्याला आपोआप शब्द मिळतो असे नाही. शिवाय या व्यवहारात एक तिसरा पक्ष येतो. २०१९ च्या फेब्रुवारीत स्पॉटिफायने गिमलेट आणि अँकर या कंपन्या विकत घेतल्या. २०२० मध्ये तिने जो रोगन यांच्याशी करार केला, आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून त्यांचा कार्यक्रम केवळ तिच्याच आवारात ऐकायला मिळू लागला. जे श्रोते फीडच्या धाग्याने वर्षानुवर्षे ऐकत आले होते, त्यांचा धागा तुटला; ऐकत राहायचे तर दुसऱ्याच्या दारातून आत जाणे भाग पडले. २०२४ च्या नव्या कराराने तो कार्यक्रम पुन्हा इतरत्र खुला झाला खरा. परंतु बंद करणे आणि खुले करणे या दोन्ही निर्णयांत श्रोत्यांचा शब्द कोठेच नव्हता.

याच्या उलट घडलेली गोष्ट अशी. २०२४ मध्येच गूगलने आपले पॉडकास्ट ऐकण्याचे स्वतंत्र ॲप बंद केले. तरीही त्यामुळे कार्यक्रम बुडाले नाहीत. ते ॲप फीडवर चालत असल्याने श्रोत्यांना आपल्या नोंदण्यांची यादी घेऊन दुसऱ्या ॲपकडे जाता आले. पात्र बदलले, पाणी तेच राहिले. धागा कोणाचा, या प्रश्नाचे महत्त्व या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे स्पष्ट होते.

हाच प्रश्न सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात, विजेवर चालणाऱ्या सायकलींच्या बाबतीत, अधिक ठळकपणे उभा राहिला. व्हॅनमूफ ही ॲम्स्टरडॅमची कंपनी २००९ मध्ये निघाली. तिच्या सायकली भ्रमणध्वनीवरील ॲपशी बांधलेल्या होत्या, आणि त्या ॲपला लागणारी सांकेतिक किल्ली कंपनीच्या सर्व्हरवरून येई. जुलै २०२३ मध्ये न्यायालयाने कंपनी दिवाळखोर ठरवली, तेव्हा सर्व्हर बंद पडल्यास दारात उभी असलेली आपलीच सायकल आपल्याला पुरतेपणी वापरता येईल काय, अशी धास्ती मालकांना पडली. काऊबॉय या बेल्जियममधील प्रतिस्पर्धी कंपनीने ती किल्ली जतन करून ठेवण्यासाठी एक ॲप तातडीने उपलब्ध करून दिले. वापरणाऱ्यांनीही एकमेकांना किल्ली वाचवण्याचे मार्ग सांगितले. ऑगस्टच्या अखेरीस लावोआ या कंपनीने व्हॅनमूफ विकत घेतली आणि संकट टळले. पण त्या काही आठवड्यांत जे घडले ते आपल्या विषयाला थेट भिडते. तोवर जे केवळ ग्राहक होते, ते किल्ली हातून जाण्याच्या भयाने परस्परांचे सहायक झाले. समूहाचे मंडळ झाले; मात्र ते कंपनीने उभारले म्हणून नव्हे, तर कंपनी कोसळली म्हणून.

सायकलीच्या या उदाहरणात आणखी एक भेद दडलेला आहे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ज्या साहाय्यक सायकली साध्या सायकलींप्रमाणे वापरता येतात, त्यांच्या मोटरची क्षमता २५० वॅटपर्यंत असते. स्वार पायडल मारणे थांबवील तर मोटर थांबते, आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचला की तिचे साहाय्य बंद होते. येथे यंत्र श्रमाला जोड देते. त्याची जागा घेत नाही. उपमा म्हणजे प्रमाण नव्हे, हे मान्य करूनही असे म्हणता येईल की, वितरण करणाऱ्या कंपनीचे पॉडकास्टमधील उचित स्थान हेच आहे. तिने वेग द्यावा. दिशा आणि किल्ली स्वाराकडे राहावी.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ध्वनिफीत ठेवण्याच्या जागेला पैसे लागतात, आणि नुसत्या फीडवर नव्या कर्त्याला श्रोता सापडणे कठीण असते. यूट्यूबसारखा मंच जागा फुकट देतो आणि ओळखही करून देतो. मराठीत आज पॉडकास्ट म्हणून ओळखले जाणारे पुष्कळसे कार्यक्रम यूट्यूबवर दृश्यरूपानेच पाहिले जातात, त्याचे कारण हेच. या कर्त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि त्या मंचावर नोंदलेल्या श्रोत्यांची यादी उचलून कर्त्याला दुसरीकडे जाता येत नाही, ही वस्तुस्थिती आहे. आकडा त्याचा असतो, माणसे मंचाची असतात. म्हणून मंच सोडा असे सांगण्यापेक्षा एवढेच सांगणे युक्त होईल की, तोच कार्यक्रम खुल्या फीडवरही ठेवावा, मूळ ध्वनिफीत स्वतःजवळ जपावी, आणि श्रोत्यांशी पत्रव्यवहाराचा एक तरी मार्ग स्वतःच्या हाती राखावा. या कार्यक्रमांतून आजच्या बोलत्या मराठीचा मोठा साठा तयार होत आहे. भाषेच्या अभ्यासकाला तो उद्या लागणार आहे. त्याची किल्ली एकाच परक्या सर्व्हरवर असावी, हे कर्त्याच्या दृष्टीने जितके चिंतेचे, तितकेच आपल्याही दृष्टीने आहे.

सारांश, पॉडकास्टभोवती जमणारा समूह आपोआप मंडळ होत नाही. आवाजाच्या जवळिकीने त्याला मंडळाचा आभास प्राप्त होतो, वर्गणीने त्याला स्थैर्य येते. पण श्रोत्याला शब्द आणि श्रोत्याला श्रोता मिळेल तेव्हाच ते मंडळ होते, आणि धागा त्यांच्या हाती असेल तोवरच ते टिकते. एखाद्या कर्त्याने आपली ‘कम्युनिटी’ इतक्या लक्षांची आहे असे सांगितले, तर समीक्षकाने त्याला एकच प्रश्न विचारावा : उद्या हे दार बंद झाले, तर यांतील किती जण परस्परांना शोधून काढतील?