बंधांची मालिका, द्वंद्वाचा खेळ: ‘पर्सोना ४ अरीना अल्टिमॅक्स’चे चिकित्सक वाचन

उद्दिष्टे
हा पाठ वाचल्यावर तुम्हाला (१) एका रोल-प्लेइंग मालिकेतून निघालेला फायटिंग गेम मूळ कथेचे काय करतो, हे सांगता येईल. (२) खेळाचा नियम हाही अर्थ सांगण्याचे साधन असतो, हे उदाहरणांनी दाखवता येईल.

१. प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, जबलपूरच्या आमच्या वर्गात एक मुलगा होता. घरी मराठी, शाळा हिंदी माध्यमाची. त्याने मित्राकडे हा गेम लावला, तेव्हा पडद्यावर इंग्रजी संवाद सरकत राहिले आणि लढाई काही येईना. कंटाळून त्याने संवाद ओलांडायला सुरुवात केली. मालिकेतला मूळ गेम त्याने खेळला नव्हता. तरी काही दिवसांनी तो मला विचारत होता, “सर, या कांजीला मारायचं तर सारखं अगदी जवळ जावं लागतं. गोष्टीतही तो असाच आहे का?”

कथा न वाचता त्याला पात्र कसे कळले? आजचा पाठ या प्रश्नाचे उत्तर शोधतो.

२. मूळ मालिका आणि तिची शाखा

‘पर्सोना ४’ हा ॲटलस कंपनीचा रोल-प्लेइंग गेम २००८ साली आला. इनाबा नावाच्या काल्पनिक जपानी गावात शहरातून आलेला एक विद्यार्थी वर्षभर राहतो. दिनदर्शिकेचा एकेक दिवस उलटतो. शाळा, मैत्री आणि खुनांचा तपास हळूहळू पुढे सरकतो. प्रत्येक मित्राला स्वतःची नाकारलेली बाजू, म्हणजे त्याची ‘शॅडो’, समोर उभी दिसते. ‘ही मीच आहे’ असे त्याने मान्य केले की तीच त्याची ‘पर्सोना’, म्हणजे आंतरिक शक्ती, बनते.

याच पात्रांना घेऊन ॲटलस आणि आर्क सिस्टम वर्क्स यांनी २०१२ साली ‘पर्सोना ४ अरीना’ हा फायटिंग गेम काढला. त्याचा पुढचा भाग ‘अल्टिमॅक्स’. तो २०१३ मध्ये जपानच्या आर्केडमध्ये, २०१४ मध्ये घरगुती कन्सोलवर आणि २०२२ मध्ये पुन्हा नव्या यंत्रांवर आला. यात इनाबा लाल धुक्याने वेढले जाते, आणि ‘पर्सोना ३’मधली पात्रेही कथेत उतरतात.

मोठ्या कथेतला एक संघर्ष उचलून स्वतंत्र कृती रचणे आपल्याला नवे नाही. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले, ते विराटपर्वातला एक प्रसंग घेऊन. द्यूतसभेत द्रौपदीचे काय झाले, हे प्रेक्षक घरूनच जाणून आला होता. पण नाटक केवळ त्या आठवणीवर उभे राहिले नाही. कीचकाच्या सत्तेपुढे द्रौपदीचा अपमान त्याने रंगमंचावर नव्याने घडवला. तो त्या काळच्या प्रेक्षकांना आणि सरकारलाही इतका कळला की १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. शाखेची कसोटी हीच: मूळ न वाचलेल्यालाही ती काही देते का?

३. नियमांतून बोलणारे पात्र

वर्षभराच्या सहवासातून जे घडते, ते काही सेकंदांच्या फेरीत कसे आणायचे? ‘अल्टिमॅक्स’चे उत्तम उत्तर त्याच्या नियमांत आहे. चार नियम पाहू.

(अ) पत्ते: हल्ल्याची चार बटणे आहेत, दोन पात्राची, दोन त्याच्या पर्सोनाची. पर्सोनाला बाहेर बोलावले आणि तिला मार बसला, की तिचा एक पत्ता फुटतो. सगळे पत्ते फुटले की काही काळ तिला बोलावताच येत नाही. आपले अंतरंग बाहेर काढणे म्हणजे ते जखमी होण्याचा धोका पत्करणे, हे इथे खेळणाऱ्याच्या बोटांना कळते.

(आ) जागृती: शक्तीची पट्टी ३५ टक्क्यांवर उतरली की पात्र ‘अवेकनिंग’मध्ये जाते. त्याचा बचाव वाढतो, नवे डाव खुले होतात. मूळ कथेतही पर्सोना मिळते ती माणूस सर्वांत उघडा पडलेला असतो तेव्हाच.

(इ) शॅडो: ‘अल्टिमॅक्स’मध्ये अनेक पात्रांची शॅडो-रूपेही खेळता येतात. या रूपांना जागृती नाही. साठवलेली ऊर्जा ‘शॅडो फ्रेन्झी’मध्ये ओतून ती सलग हल्ले चढवतात. घाव सोसून बदलण्याची वाट त्यांना बंद आहे. त्यांना फक्त जळता येते. ‘पर्सोना ४’चा सारा विचार या एका नियमात मावतो.

(ई) अंतर: कांजी दांडगट दिसतो, पण त्याला शिवणकाम आवडते आणि लोक काय म्हणतील याची धास्ती असते. या गेममध्ये तो पकडून आपटणारा गडी आहे. ज्याला जवळीक अवघड, त्याला प्रत्येक सामन्यात जवळ जावेच लागते. आमच्या विद्यार्थ्याच्या लक्षात आले ते हेच.

४. एकटा खलनायक

नवा प्रतिनायक शो मिनाझुकी याला माणसामाणसांतले बंध नकोत. त्याच्या दोन रूपांपैकी एकाजवळ पर्सोनाच नाही. दोन तलवारी घेऊन तो एकटा लढतो. बाकी सारे जोडीने येत असताना त्याच्या शेजारची ती मोकळी जागा त्याच्या भाषणांपेक्षा जास्त बोलते.

५. मर्यादा

मग गेम कुठे कमी पडतो? जिथे तो स्वतःच्या नियमांवर विश्वास ठेवत नाही, तिथे. कथाविभाग बराचसा वाचायचा आहे. लढती अधूनमधून येतात. जे एका फुटलेल्या पत्त्याने सांगितले, ते संवाद पुन्हा समजावतात. शिवाय मजकूर कोणत्याही भारतीय भाषेत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना कथाविभाग बंद दाराच्या पलीकडे राहतो.

‘गोल्डन अरीना’ या विभागात अनुभवगुण, पातळ्या आणि सोबत्यांची मदत आणून रोल-प्लेइंगचा आभास निर्माण केला आहे. पण आकडे वाढणे ही त्या मालिकेची बाहेरची साल होती. तिचा गाभा पत्ते आणि जागृती यांत आधीच उतरला होता. ‘कीचकवध’ची कसोटी लावली तर असे म्हणावे लागेल: सामन्यात हा गेम स्वतःच्या पायावर उभा आहे, कथाविभागात तो जुन्या ओळखीच्या आधाराने चालतो.

६. समारोप

अशा गेमकडे चाहत्यांसाठी काढलेली पुरवणी म्हणून पाहणे सोपे आहे. तुम्ही तसे करू नका. कथा काय सांगते हे लिहून झाल्यावर नियम काय करायला लावतात हेही लिहा, आणि दोन्ही एकमेकांना साथ देतात का ते तपासा. इंग्रजी संवाद ओलांडणाऱ्या त्या मुलाने गेमचा अर्धा भाग गमावला, असे मला आधी वाटले होते. आता वाटते, गेम जिथे सर्वांत प्रामाणिक आहे, तो अर्धा भाग त्याने नीट वाचला होता.

स्वाध्याय
१. ‘जागृती’चा नियम आणि मूळ कथेतील पर्सोनाची प्राप्ती यांतील नाते स्पष्ट करा.
२. तुमच्या ओळखीच्या एखाद्या खेळातला (कबड्डी, कुस्ती किंवा व्हिडिओ गेम) एक नियम घ्या आणि तो माणसाविषयी काय सांगतो, ते दहा ओळींत लिहा.
३. मोठ्या ग्रंथातील एका प्रसंगावर आधारलेले मराठी नाटक निवडा. मूळ ग्रंथ न वाचलेल्या प्रेक्षकाला ते काय देते, याची चर्चा करा.