जखमेचें वाचन

साहित्याच्या मासिकांत इस्पितळाच्या कागदांची समीक्षा कशाला, असें वाचक विचारतील. परंतु शब्दांच्या अर्थावर जेथें न्याय अवलंबून असतो, तेथें टीकाकारानें स्वस्थ बसणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. १९७२ सालीं देसाईगंज येथें उद्भवलेल्या मथुरा-खटल्यांत अंगावर जखमा नाहींत, यावरून सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं संमतीचा अर्थ काढला. केंद्रीय आरोग्य खात्याच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनें हा अर्थ खोडून काढला, 'दोन बोटांची' तपासणी वर्ज्य ठरविली व पुराव्याइतकेंच उपचारासही महत्त्व दिलें, हा तिचा मोठा गुण होय. मात्र ती लैंगिक अत्याचारापुरतीच बोलते. वाशीमसारख्या जिल्ह्यांत नवऱ्याचा मार खाल्लेली बाई 'पाय घसरला' म्हणून सांगते, आणि डॉक्टरही तेंच लिहून मोकळे होतात. अशा वेळीं काय करावें, हें वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत २००० च्या सुमारास निघालेल्या 'दिलासा' केंद्रानें दाखविलें आहे. जखम व हकीगत यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहावयास, आणि बाईस एकांतांत आपुलकीनें विचारावयास, तेथें डॉक्टर व परिचारिका शिकल्या. मार्गदर्शिकेच्या पुढील आवृत्तींत असें वाचन शिकविणारें एक प्रकरण असावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.