वेष, गणवेष आणि पहारा

‘वेष’ आणि ‘गणवेष’ हे दोन शब्द कोशात शेजारी नांदत असले, तरी त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. गणवेष माणसाला त्याच्या पदाशी बांधतो. वेष त्याला त्याच्या पदापासून, नावापासून, प्रसंगी वयापासूनही मोकळे करतो. गणवेषातील मनुष्याला कोणाला तरी जाब द्यावा लागतो. वेषधारी मनुष्य मात्र इतरांना जाब विचारीत सुटतो. हा भेद नीट ध्यानात घेतल्यावाचून, बंगळूरसारख्या शहरात गेल्या काही वर्षांत वेष घेऊन लोकसेवेस उतरलेल्या मंडळींचे यथार्थ मूल्यमापन करता येणार नाही. वृत्तपत्रांनी या प्रकारांची गणना ‘गमतीदार बातम्यां’त करून त्यांची बोळवण केली. आमच्या मते हा विषय साहित्यविचाराच्या कक्षेत येणारा आहे, आणि परमुलुखात सरकारी चाकरी करणाऱ्या आपणा मराठी माणसांशी तर त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रथम एका कृतीचेच परीक्षण करू. सप्टेंबर २०१९च्या आरंभी बंगळूरच्या हेरोहळ्ळी भागातील एका रस्त्याचा लहानसा चलत्‌चित्रपट प्रसिद्ध झाला. कल्पना म्हैसूरचे चित्रकार बादल नंजुंडस्वामी यांची, आणि वेष घेतला होता कन्नड नट पूर्णचंद्र मैसूर यांनी. रात्रीची वेळ. पांढऱ्या अवजड पोषाखातील एक अंतराळवीर खडबडीत, विवरांनी भरलेल्या भूमीवरून संथ, तरंगती पावले टाकीत चालला आहे. क्षणभर आपण चंद्रावरच आहोत असा भास होतो. इतक्यात शेजारून एक ऑटोरिक्षा निघून जाते, आणि ती विवरे म्हणजे महापालिकेच्या रस्त्यावरील खड्डे आहेत हे प्रेक्षकाच्या ध्यानी येते.

या कृतीचे यश कशात आहे? अद्भुतातून हास्य आणि हास्यातून विषाद, असा रसांचा क्रम येथे एका मिनिटाच्या आत, एकही शब्द न उच्चारता सिद्ध झाला आहे. नटाने कोठेही हावभावांचा अतिरेक केलेला नाही. तो रस्त्याची थट्टा करीत नाही; तो प्रामाणिकपणे चंद्रावर चालत आहे, आणि त्या प्रामाणिकपणामुळेच थट्टा पुरी होते. शिवाय काळाचे औचित्य असे, की भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय याच शहरात, आणि २२ जुलै २०१९ रोजी निघालेले चांद्रयान-२ त्याच आठवड्यात, ७ सप्टेंबरच्या पहाटे, चंद्रावर उतरू पाहणार होते. जे शहर चंद्राचा पृष्ठभाग गाठू पाहते त्याला आपल्या रस्त्याचा पृष्ठभाग सांभाळता येऊ नये, हा आशय कोणत्याही अग्रलेखाने इतक्या थोडक्यात मांडला नसता.

नंजुंडस्वामींच्या इतर कृतींशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. जून २०१५ मध्ये सुलतानपाळ्य येथील खड्ड्यातील पाण्यात त्यांनी मगरीची प्रतिकृती सोडली होती. तेथे विनोद होता, परंतु तो वस्तूचा होता; माणूस त्यात उतरला नव्हता. ऑक्टोबर २०१७ मध्ये साचलेल्या पाण्यात एक कन्नड अभिनेत्री मत्स्यकन्येच्या वेषात बसली. तेथे माणूस होता, परंतु अभिनेत्रीच्या प्रसिद्धीने खड्ड्याला झाकून टाकले. जुलै २०१८ मध्ये वाहतूक पोलिसांनी एका नटाला यमराजाचा वेष देऊन शिरस्त्राणावाचून दुचाकी हाकणाऱ्यांना गाठावयास उभे केले. तो प्रयत्न हेतूने स्तुत्य असला तरी कला म्हणून दुबळा होता, कारण त्याला जे सांगावयाचे होते ते तो सरळच सांगत होता, आणि वेषाच्या पाठीशी सत्ताच उभी होती. अंतराळवीराच्या पाठीशी कोणीही नव्हते. वेषाची शक्ती त्याच्या निराधारपणात असते, हे सूत्र येथे हाती लागते.

हे सूत्र आपणांस नवे वाटण्याचे कारण नाही. मोरपिसांची टोपी घालून, टाळ-चिपळ्यांच्या नादात भल्या पहाटे गाव जागा करणारा वासुदेव याच जातीचा. नाथांनी आपल्या भारुडांतून वासुदेव, जोशी, गोंधळी असे नाना वेष वाणीने धारण केले, आणि ‘जोहार’ रचनांत तर गावकुसाबाहेरच्या महाराच्या मुखाने, देहाला गाव कल्पून, त्याच्या साऱ्या कारभाराचा झाडा घेतला. गावाची राखण ज्याच्याकडे वतनाने आली त्यालाच कारभाऱ्यांचे हिशेब मांडावयास लावणे, हे केवढे धाडस आहे! पैठणच्या विद्वान ब्राह्मणाने सोळाव्या शतकात हा वेष घेतला तो करमणुकीसाठी खास नव्हे. कर्नाटकातही याच प्रकारची परंपरा आहे. तेथील भटक्या सोंगाड्यांना ‘हगलु वेषगारु’ म्हणजे दिवसा सोंग घेणारे असे म्हणतात. दिवसा, म्हणजे सर्वांच्या देखत. या विशेषणाचे महत्त्व पुढे दिसून येईल.

तथापि वासुदेव जागे करतो आणि निघून जातो. झाडू हाती घेत नाही. ती उणीव गाडगे महाराजांनी भरून काढली. १८७६ साली अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर नावाच्या शेतकऱ्याने १९०५ मध्ये घर सोडले ते चिंध्यांचे कपडे, डोक्यावर गाडग्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा घेऊन. गावात शिरावे, रस्ते आणि गटारे झाडावीत, आणि रात्री कीर्तनात गावकऱ्यांच्या मनांची झाडलोट करावी, हा क्रम २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत चालला. त्यांचा वेष पाहून लोक प्रथम हसत, मग ओशाळत, आणि अखेर स्वतः खराटा उचलीत. १९७७ सालच्या ‘देवकीनंदन गोपाला’ या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी ही भूमिका केली, तेव्हा त्यांच्यापुढील खरी अडचण रंगभूषेची नव्हती. जो वेष मूळ धारकाच्या अंगावर सोंग राहिलाच नव्हता, त्याचे सोंग करावयाचे होते.

बंगळुरात याचे आधुनिक रूप शोधावयाचे तर ‘द अग्ली इंडियन’ या निनावी नागरिकांच्या गटाकडे पाहावे. २०१०च्या सुमारास सुरू झालेल्या या गटाचे ब्रीद ‘काम चालू, मुँह बंद’ असे आहे. घाणीचा एक कोपरा निवडावयाचा, तो स्वच्छ करावयाचा, रंगवावयाचा आणि नाव न सांगता निघून जावयाचे, अशी यांची रीत. उड्डाणपुलांच्या खांबांवरील त्रिकोणांची नक्षी हीही त्यांचीच. २०१४ मध्ये त्यांच्यापैकी एका वक्त्याने जाहीर व्यासपीठावर भाषण केले तेही मुखवटा चढवून, ‘अनामिक नागरिक’ या नावाने. गाडगेबाबांनी वेषाने आपला अहंकार झाकला. यांनी मुखवट्याने आपले नाव झाकले. दोहोंतील प्रेरणा एकच, की श्रेय कामाकडे जावे.

आता ज्या मुद्द्याकडे आपण अधिकारी-कारकून मंडळींनी कानाडोळा करू नये तो सांगतो. हा सारा उपहास आपल्यावर आहे. चंद्रवीराचे चित्र प्रसृत होताच तत्कालीन महापालिकेने तो रस्ता तातडीने दुरुस्त केला. मगरीच्या वेळीही दुरुस्ती झाली. यावर टाळ्या वाजविणाऱ्यांना एकच विचारावेसे वाटते: ज्या गल्लीत चित्रकार राहत नाही तिचे काय? रहिवाशाच्या साध्या अर्जाने जे व्हावयास हवे ते सोंगाने झाले, तर त्यात कलेचा विजय असेल, परंतु कारभाराचा पराभव निश्चित आहे. आवक-नोंदवहीत चढलेला अर्ज क्रमाने वर यावयाचा असतो. लाजेने हाललेली व्यवस्था क्रम जाणीत नाही. कोलंबियाच्या बोगोटा शहराचे नगराध्यक्ष आंतानास मोकुस हे मूळचे प्राध्यापक. १९९५ पासूनच्या आपल्या कारकीर्दीत त्यांनी चौकाचौकांत मूकनट उभे करून वाहतुकीला शिस्त लावली, आणि स्वतः ‘महानागरिका’चा पोषाख चढवून रस्त्यावर आले. हा नमुना लोभस खरा. परंतु त्यातही हसणे संपल्यावर कचेरीत बसून तपशिलाचा कारभार कोणाला तरी करावाच लागतो. वेष हा प्रश्न असतो. उत्तर गणवेषानेच द्यावयाचे असते.

येथवर वेषाची बाजू मांडली. परंतु तोच वेष सेवा सोडून पहाऱ्यावर उभा राहतो तेव्हा काय होते? अमेरिकेत १९७९ साली कर्टिस स्लिवा यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी गाड्यांतून लाल टोप्या घातलेल्या स्वयंसेवकांची गस्त सुरू केली. त्यांची तोंडे निदान उघडी होती. पुढे सिअ‍ॅटल शहरी ‘फिनिक्स जोन्स’ हे नाव घेऊन, मुखवटा आणि चिलखत चढवून रात्री गस्त घालणारा एक तरुण गाजला. ऑक्टोबर २०११ मध्ये रस्त्यावरील माणसांवर मिरपुडीचा फवारा मारल्यावरून त्याला अटक झाली. भांडण सोडवीत होतो, असे त्याचे म्हणणे. आपल्यावर हल्ला झाला, असे समोरच्यांचे. कोण खरे हे ठरविणे दूर राहो. अंधारात मुखवटा घालून अंगावर धावून येणारा मनुष्य रक्षक की भक्षक, हे समोरच्याने ओळखावे तरी कसे?

आपल्या देशातील सुज्ञांना हा धोका पूर्वीच जाणवला असावा. दंग्यांच्या छायेत, डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतात गृहरक्षक दलाची स्थापना झाली तेव्हा स्वयंसेवकाला गणवेष दिला गेला, आणि त्याची नोंद, त्याचा अधिकारी, त्याची मर्यादा ठरविण्यात आली. सेवा स्वखुशीची, परंतु जबाबदारी सरकारदप्तरी नोंदलेली. छातीवरील नावाची पट्टी ही क्षुल्लक वस्तू नव्हे. ज्याला अडविले त्याच्या हाती ठेवलेली ती तक्रारीची किल्ली आहे.

बहुरूपी हे आपल्याकडे जाणतो. खाकी डगला घालून, वही उघडून, लग्नाला न आल्यास बेड्या ठोकण्याची धमकी देणारा बहुरूपी शिपाई आपल्यापैकी अनेकांनी बालपणी दारात पाहिला असेल. त्याच्या कलेची सारी मदार आपण ओळखले जावे यावर आहे. मुलाने घाबरावे, आईने हसावे, आणि बिदागी पडावी. कायदाही हाच भेद मानतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०५ मध्ये लोकसेवकाचा पोषाख कपटबुद्धीने घालणे हा अपराध आहे. सोंग हा अपराध नाही, फसवणूक हा आहे. सोंग दिवसाउजेडी उलगडते म्हणून ते निष्पाप. ‘हगलु’ या विशेषणाचे मर्म ते हेच.

आणि २०१८ सालच्या उन्हाळ्याने या मर्माचा विपरीत प्रत्यय आणून दिला. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्याच्या अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या, आणि गल्लोगल्ली स्वयंघोषित पहारेकरी जागे झाले होते. २३ मे रोजी याच बंगळूरच्या चामराजपेठेत राजस्थानातून पोटासाठी आलेल्या एका तरुणाला संशयावरून जमावाने ठार केले. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, ऐन आठवडे बाजारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारण्यात आले. ती माणसे मंगळवेढ्याकडची होती. म्हणजे मराठी मुलखात, मराठी बोलणाऱ्यांना, मराठी माणसांनी परके ठरविले. दारी आलेल्या गोसाव्याला, वासुदेवाला, बहुरूप्याला मूठभर धान्य घालणारा समाज त्याला ओळखेनासा झाला, ही घटना आमच्या मते केवळ गुन्हेगारीच्या सदरात मोडत नाही. एक भाषाच विसरली गेली, वेषाची भाषा. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा झुंडींच्या प्रतिबंधासाठी सरकारांना निर्देश दिले. ते आवश्यकच होते. परंतु विसरलेली भाषा निर्देशांनी परत येत नाही.

म्हणून निष्कर्ष असा. सेवेसाठी वेष घेणाऱ्याचे आपण मोकळ्या मनाने स्वागत करावे. झाडू हातात असेतोवर मुखवट्याआड कोण आहे हे विचारण्याचे कारण नाही, कारण त्याच्यापासून कोणाला भय नाही. पण ज्या क्षणी हातात दंडुका येतो आणि दुसऱ्याला ‘कोण तू?’ असे विचारण्याचा अधिकार मागितला जातो, त्या क्षणी मुखवटा उतरला पाहिजे. जो इतरांची ओळख मागतो त्याने आपली ओळख आधी दिली पाहिजे. या कसोटीला चंद्रावर चालणारा नट उतरतो, गाडगेबाबा उतरतात, अनामिक नागरिकही उतरतो. रात्रीचा मुखवटाधारी पहारेकरी उतरत नाही, आणि गर्दीचा मुखवटा पांघरलेला जमाव तर मुळीच नाही.

बदलीच्या हुकुमासरशी गाव बदलणाऱ्या आपणांस या विचाराचे महत्त्व विशेष सांगावयास नको. नव्या शहरात, नव्या भाषेत, रात्री उशिरा कचेरीतून परतताना कोपऱ्यावरचा पहारेकरी आपणांस हटकतो, तेव्हा तेथे परके आपण असतो. त्याने तोंड उघडे ठेवून, नाव सांगून हटकावे, एवढीच आपली अपेक्षा असते. आपल्या मुलखात दारी येणाऱ्या परक्याचीही तितकीच अपेक्षा असेल, हे ध्यानात ठेवणे आपले कर्तव्य आहे.