‘मूत्रपिंड निकामी’ : एका शब्दप्रयोगाचे परीक्षण

डिसेंबर २०१६ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता आणि २०२० साली गायक एस. पी. बालसुब्रमण्यम यांच्या आजारपणाच्या बातम्यांतून ‘एक्मो’ हे यंत्र सामान्य वाचकाच्या कानावर आले. रक्त शरीराबाहेर घेऊन, त्यात प्राणवायू मिसळून ते परत सोडणारे हे यंत्र हृदय व फुफ्फुसे यांचा भार उचलते. या उपचारात मूत्रपिंडांचे काय होते, हे मराठी लेखनात क्वचितच येते. आलेच तर ‘मूत्रपिंडे निकामी झाली’ या ठरीव शब्दांत.

हा शब्दप्रयोग तपासण्याजोगा आहे. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा भाग मूत्रपिंडांकडे जातो. मूळ आजारातच रक्तदाब खालावलेला असतो. त्यात यंत्रातून फिरताना काही तांबड्या पेशी फुटतात आणि सुटलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांना अपाय करते. एक्मोवरील निम्म्याहून अधिक प्रौढांत मूत्रपिंडांना इजा आढळते; अनेकांना डायलिसिस लागते. मात्र जे वाचतात, त्यांतील बहुतेकांचे डायलिसिस पुढे सुटते. ‘निकामी’ या शब्दात ही परतीची वाटच नाही. इंग्रजी वैद्यकाने अशा अचानक उद्भवणाऱ्या विकारासाठी ‘फेल्युअर’ बाजूला ठेवून ‘इंज्युरी’ स्वीकारला. ‘केडिगो’च्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ४८ तासांत क्रिएटिनिन दर डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढले, तरी ती इजाच.

हुबळी आणि धारवाड यांच्या दरम्यान वसलेल्या नवनगरसारख्या वस्तीत गुंता आणखी वाढतो. कन्नड आणि मराठीत शब्द एकच, ‘मूत्रपिंड’. उर्दू बोलणाऱ्या घरात ‘गुर्दा’. पहिला शब्द फक्त लघवी सुचवतो. पाणी, आम्लता, पोटॅशियम यांचा तोल त्यात दिसत नाही. उर्दूत ‘दिल-गुर्दा’ म्हणजे हिंमत. हृदय व मूत्रपिंड यांची जोडी भाषेने केव्हाच जुळवली होती! योगायोग खरा, पण वर्गात सांगण्यासारखा.

अतिदक्षता विभागाबाहेर उभ्या असलेल्या मुलाला डायलिसिसच्या संमतिपत्रावर सही करायची असते. ‘निकामी’ ऐकल्यावर पुढचा उपचार त्याला व्यर्थ वाटू शकतो. ‘तीव्र मूत्रपिंड इजा’ हे भाषांतर अचूक, पण त्याच्या कानाला परके. ‘मूत्रपिंडांना मार बसला आहे, तूर्त त्यांचे काम यंत्राकडून करून घेऊ, ती सावरतील की नाही हे आज सांगता येत नाही’ हे लांबलचक वाक्य त्याला कळेल. उर्दूतील ‘गुर्दे फेल हो गए’ यालाही हाच आक्षेप लागू आहे.