‘अम्लांत न विरघळणारा धातू’ : मॉलिब्डेनमविषयक एका विधानाची चिकित्सा

प्रस्तावना

संक्रमण धातूंच्या अध्यापनात ‘मॉलिब्डेनमवर अम्लांचा परिणाम होत नाही’ असे विधान पाठ्यपुस्तकांतून व वर्गातील टिपणांतून आढळते. ते सर्वस्वी खोटे नाही. परंतु कोणते अम्ल, किती संहत आणि कोणत्या तापमानास, याचा उल्लेख नसल्याने ते अपुरे आणि प्रयोगशाळेत प्रसंगी घातक ठरते. प्रस्तुत लेखात या विधानाची चिकित्सा केली आहे.

अनुमान आणि प्रत्यक्ष वर्तन

मॉलिब्डेनमचा, त्याच्या त्रिसंयुजी आयनाच्या संदर्भातील, प्रमाण विद्युत् विभव सुमारे −०.२ व्होल्ट आहे. त्यावरून हायड्रोक्लोरिक अम्लातून हायड्रोजन मुक्त होईल, असे अनुमान विद्यार्थ्याने काढल्यास त्याला दोष देता येणार नाही. प्रत्यक्षात सामान्य तापमानास हायड्रोक्लोरिक, हायड्रोफ्लोरिक किंवा विरल सल्फ्यूरिक अम्लाचा या धातूवर जवळजवळ परिणाम होत नाही. ऊष्मागतिकीची येथे आडकाठी नाही. अभिक्रियेची गती मात्र अत्यल्प आहे. ‘विरघळू शकत नाही’ आणि ‘विरघळताना दिसत नाही’ यांतील हा भेद उपरोक्त विधानात पुसला जातो.

विरल नायट्रिक अम्लात हाच धातू सहज विरघळतो. येथे इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचे कार्य हायड्रोजन आयन नव्हे, तर नायट्रेट करते. त्यातून निर्माण होणारा नायट्रिक ऑक्साइड हवेत तपकिरी धूर होऊन दिसतो. संहत नायट्रिक अम्लात मात्र पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर बसून धातू निष्क्रिय होतो. म्हणजे ‘अम्ल जितके तीव्र तितके विद्रावण शीघ्र’ हा समजही येथे टिकत नाही. असे थंडावलेले मिश्रण पाण्याने विरल केल्यास अभिक्रिया एकाएकी जोर धरू शकते, ही बाब विद्यार्थ्यास आधीच सांगितली पाहिजे. तप्त संहत सल्फ्यूरिक अम्ल, अम्लराज आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांतही धातू विरघळतो. जलीय अल्कलीत तो टिकतो. परंतु वितळलेल्या अल्कलीत पोटॅशियम नायट्रेटसारखा ऑक्सिडीकारक मिसळताच झपाट्याने नष्ट होतो.

एकाच गटातील तीन धातू

क्रोमियम, मॉलिब्डेनम व टंगस्टन यांना ‘समान गुणधर्मांचे’ म्हणून एकत्र उरकण्याची प्रथाही तपासण्याजोगी आहे. क्रोमियम विरल हायड्रोक्लोरिक अम्लात विरघळते आणि नायट्रिक अम्लात निष्क्रिय होते. मॉलिब्डेनमचे वर्तन जवळजवळ उलट आहे. टंगस्टनचा ऑक्साइड थर इतका चिवट असतो, की तो दूर करण्यासाठी नायट्रिक अम्लास हायड्रोफ्लोरिक अम्लाची जोड द्यावी लागते.

या भेदावर एक उद्योग उभा राहिला. विजेच्या दिव्यातील टंगस्टनची तार मॉलिब्डेनमच्या तारेभोवती गुंडाळून तिला वेटोळ्याचा आकार देत. नंतर नायट्रिक व सल्फ्यूरिक अम्लांच्या मिश्रणात आतील मॉलिब्डेनम विरघळवून टाकत; टंगस्टनचे वेटोळे शिल्लक राहत असे. दोन्ही धातू खरोखरच ‘अम्लांत न विरघळणारे’ असते, तर ही कृती अशक्य होती.

अलीकडचे उदाहरण वैद्यकातील आहे. टेक्नेशियम-९९एम हे समस्थानिक सायक्लोट्रॉनमध्ये मिळवताना मॉलिब्डेनम-१०० धातूवर प्रोटॉनांचा मारा करतात व तो धातू हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवतात. टेक्नेशियमचा अर्धायुकाल सुमारे ६ तासांचा असल्याने विद्रावणास लागणारा प्रत्येक तास म्हणजे उपयुक्त औषधाची घट होय.

निष्कर्ष

विद्राव्यता हा एकट्या धातूचा गुण नाही; तो धातू व द्रावण यांच्या संबंधाचा गुण आहे. म्हणून अध्यापनात तीन प्रश्न क्रमाने विचारले जावेत : इलेक्ट्रॉन कोण स्वीकारतो? पृष्ठभागावर काय तयार होते? ते द्रावणात जाते की तेथेच चिकटून राहते? या प्रश्नांची उत्तरे देऊ शकणाऱ्या विद्यार्थ्याला अपवादांची यादी पाठ करावी लागणार नाही.