पुरावा आणि दर्शन

चित्र पाहणाऱ्याने चित्रासमोर उभे राहावे, ही आजवरची रीत होय. गेल्या काही दशकांत मात्र संगणकाच्या साह्याने अशा कलाकृती होऊ लागल्या आहेत की, त्यांच्यासमोर उभे राहून भागत नाही. त्यांच्या आत शिरावे लागते. भोवताली पडदा, डोळ्यांवर चष्मा, चारी बाजूंनी येणारा ध्वनी, आणि प्रेक्षक वळेल तिकडे वळणारे दृश्य, असा हा थाट असतो. ही कला शिकविणारी विद्यालयेही निघाली आहेत. तेथे प्रथम काय शिकवावे, हा प्रश्न आमच्यापुढे ज्या कृतीने उभा केला, तिचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

सारा केंडरडाइन आणि जेफ्री शॉ यांची 'प्लेस-हंपी' ही ती कृती. २००६ साली फ्रान्समधील लील शहरात ती प्रथम दाखविण्यात आली. पुढे बळ्ळारी जिल्ह्यात, हंपीपासून फार दूर नसलेल्या तोरणगल्लू येथील 'कलाधाम'मध्येही तिची मांडणी झाली. शॉ हे या कलेतील जुने जाणते. १९८९ च्या त्यांच्या 'लेजिबल सिटी' या कृतीत प्रेक्षकाला जागच्या जागी उभ्या सायकलीवर बसवितात. तो पायडल मारू लागला की, समोरच्या पडद्यावर अक्षरांच्या इमारतींचे एक नगर उलगडू लागते. कार्ल्सरूहे, सिडनी आणि हाँगकाँग येथील संस्थांत त्यांनी ही कला पुढच्या पिढीस शिकविली आहे.

'प्लेस-हंपी'ची रचना अशी आहे. मध्यभागी एक फिरता चौथरा आणि सभोवार नऊ मीटर व्यासाचा गोल पडदा. प्रेक्षक चौथऱ्यावर उभा राहून तो स्वतः फिरवितो, आणि प्रकाशित दृश्याची खिडकी पडद्यावरून त्याच्याबरोबर फिरते. हंपीतील निरनिराळ्या स्थळांची जॉन गॉलिंग्ज यांनी घेतलेली चोहोंकडची छायाचित्रे, खोलीच्या भासासह, एकामागून एक समोर येतात. कोठे जावे, किती थांबावे, हे प्रेक्षकाने ठरवावयाचे. या कृतीचा सर्वांत मोठा गुण आम्हांस हाच वाटतो. देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्याला निराळे सांगावयास नको की, काही गोष्टी भोवती फिरल्यावाचून कळत नाहीत. पाहण्यासाठी देहाने थोडे कष्ट घ्यावेत, ही शॉ यांची सायकलीपासूनची शिकवण येथे सार्थ झाली आहे.

न्यायालय कधीकधी कागदपत्रे बाजूस सारून स्वतः जागेची पाहणी करते. या कृतीतील छायाचित्रांचा भाग त्या स्थळपाहणीच्या तोडीचा आहे. मात्र निर्माते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या भग्न मंडपांच्या दृश्यांत त्यांनी संगणकाने रेखाटलेल्या देवदेवतांच्या हालत्या आकृती आणून सोडल्या आहेत. दगडाला जी खोली, तीच या आकृतींना. दोहोंचे आसन एकच. आमचा आक्षेप येथे आहे. पुरावा आणि युक्तिवाद दोन्ही न्यायासाठी आवश्यक असतात. परंतु युक्तिवादाने पुराव्याचा वेष घेतला, तर न्यायाधीशाने ते चालवून घेऊ नये.

हा आक्षेप केवळ वकिली काटेकोरपणाचा नव्हे. हंपीचे विरूपाक्ष मंदिर आजही नांदते आहे. तेथे नित्य पूजा होते. विठ्ठल मंदिर मात्र, दगडी रथ आणि नादस्तंभ यांनी जगप्रसिद्ध असूनही, गर्भगृहात मूर्तीवाचून उभे आहे. पंढरीचा विठोबा विजयनगरला नेला होता आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, अशी आपली परंपरा सांगते. ही परंपरा आहे, तिची शहानिशा इतिहासकारांनी करावी. पण त्या रित्या गाभाऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या मराठी माणसाच्या मनात ती जागी झाल्यावाचून राहत नाही, हा आमचा स्वतःचा अनुभव आहे. गोमंतकातील वाचकांस हे अधिक उमगेल. १५६५ साली तालिकोटच्या लढाईनंतर विजयनगर उद्ध्वस्त झाले. त्याच दशकात मंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आणि शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास गेली. देव हलला तरी मागे उरलेली जागा काही बोलत असते, हे त्या घराण्यांना ठाऊक आहे. अशी जागा हालत्या चित्रांनी भरून टाकली की, तिचे बोलणे ऐकू येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, आपल्या देवळांच्या प्रांगणांत दशावतारी मंडळी देवांची सोंगे आणतातच की! आणतात, आणि ती आम्हांस प्रिय आहेत. परंतु तेथे रंग फासलेला दिसतो, मुकुट हलतो, आणि पहाटे तोच विष्णू पारावर चहा पिताना भेटतो. सोंग हे सोंग म्हणूनच पुढे येते. म्हणून त्यातील भाव खरा होतो. 'प्लेस-हंपी'तील आकृतीही रेखाटलेल्या आहेत हे जाणत्या प्रेक्षकास कळते, हे आम्ही निर्मात्यांच्या बाजूने नमूद करतो. पण २००६ नंतर यंत्रे फार पुढे गेली आहेत. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कधीही नसलेला मंडप काही क्षणांत उभा करता येतो, आणि तो छायाचित्रापासून निराळा ओळखणे तज्ज्ञांसही अवघड जाते. जी सरमिसळ येथे डोळ्यांस दिसते, ती उद्याच्या विद्यार्थ्याच्या हातून न दिसणारी होईल.

म्हणून आमचे मागणे विद्यालयांकडे आहे. यंत्र चालविणे विद्यार्थी चार महिन्यांत शिकेल, आणि चार वर्षांत ते यंत्र जुने होईल. त्यापूर्वी त्याला देवळात पायी फिरवावे, खांब मोजावयास लावावेत, पुजाऱ्याशी आणि गावच्या वृद्धांशी बोलावयास लावावे. मग त्याने जे पाहिले, जे ऐकले आणि जे कल्पिले, त्यांतील सीमा आपल्या कृतीत प्रेक्षकास दिसेल अशी राखावयास शिकवावे. कल्पनेला आमची मनाई नाही. तिने आपले नाव सांगून आत यावे, इतकेच.

दोष दाखवूनही 'प्लेस-हंपी' पाहावी असेच आम्ही म्हणू. ती पाहून झाल्यावर मात्र हंपीस जावे आणि विठ्ठलाच्या रित्या गाभाऱ्यापुढे थोडा वेळ उभे राहावे. त्या जागेचा निवाडा तेथेच होईल.